ठरलं की ठरवलंस?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या अनुवादाची पानं मिळाली, सोबतचं पत्रही मिळालं. आधी पत्र वाचलं, मग पानं वाचली, आणि लक्षात आलं की दोन्हींतलं दुखणं एकच आहे.

पानांमध्ये सेनापतीच्या संवादाआधीचं वाक्य तू असं उतरवलं आहेस : ‘त्याचा आवाज ठाम/निर्णायक/खंबीर होता.’ मूळ इंग्रजी शब्द ‘डिसायसिव्ह’. तीन मराठी शब्द, मध्ये दोन तिरप्या रेघा, आणि समासात पेन्सिलीने प्रश्न : ‘बाई, यांतला कुठला ठेवू?’ पत्रात लिहितोस की कार्यालयाच्या वार्षिक अहवालात तुझ्या वरिष्ठांनी नेमका हाच शब्द नकार लावून वापरलाय. काम चोख, पण ‘डिसायसिव्ह’ नाही. म्हणून तुला या शब्दाचा नेमका अर्थ आणि कूळ हवंय. मग पुढच्या परिच्छेदात, जणू विषय बदलल्यासारखं, लिहितोस की संशोधनाला प्रवेश मिळाला आहे, नोकरी सोडवत नाही, दोन्हीकडे मुदतवाढ मागितली आहे आणि पुस्तकाचा अनुवादही चालू ठेवायचा आहे. विषय कुठे बदलला? तिथेही तिरप्या रेघाच आहेत. कागदावर नाहीत, एवढंच.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, हे लिहिण्यात मी पान घालवत नाही. ते तुलाही माहीत आहे. सरळ शब्दाकडे वळते.

‘डिसायसिव्ह’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘काएडेरे’ हे क्रियापद आहे. अर्थ कापणं, तोडणं, घाव घालणं. त्याला ‘डे’ हा उपसर्ग लागला की ‘डेकीडेरे’ होतं, म्हणजे कापून वेगळं करणं. ‘डिसाइड’ हे क्रियापद फ्रेंचमार्गे १४व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलं. मध्ययुगीन लॅटिनमध्ये घडलेलं विशेषण, आपलं ‘डिसायसिव्ह’, १७व्या शतकात आलं. याच धातूच्या घरातले बाकीचे लोक बघ. शल्यविशारद देतो तो छेद, ‘इन्सिजन’. फापटपसारा छाटलेलं लेखन, ‘कन्साइज’. नेमकं, ‘प्रिसाइज’. छिन्नी, ‘चिझल’. कात्री, ‘सिझर्स’. कीटकनाशकाच्या ‘पेस्टिसाइड’मधला ‘साइड’ही इथलाच. एवढंच काय, ‘सिमेंट’ हा शब्ददेखील दगडाच्या तोडलेल्या चिपांच्या लॅटिन नावावरून आला आहे. कवितेच्या ओळीत मध्येच येतो तो यती, त्याला इंग्रजीत ‘सीझुरा’ म्हणतात. तोही कापच. सगळ्या घराण्याच्या हातात काही ना काही धारदार आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपणही ‘एकदाचा तुकडा पाड’ म्हणतो, ‘एक घाव दोन तुकडे’ म्हणतो. निर्णयात घाव असतो हे मराठीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपणच ते विसरलो आणि निर्णय म्हणजे निवड असं समजू लागलो. निवड तर कुणीही करतो. मला हे आवडतं, मला तेही आवडतं, अशी यादी करायला काही लागत नाही. निर्णय झाला की नाही हे ओळखायचं एकाच गोष्टीवरून : कापलं काय? तुला मी पुढे पुन्हा पुन्हा हेच विचारणार आहे. कंटाळा आला तरी विचारणार आहे.

आता जे लिहिते ते दोनदा वाच, कारण शब्दकोशात हे दोन वेगवेगळ्या पानांवर असतं आणि सहसा कुणी ते शेजारी ठेवून बघत नाही. लॅटिनमध्ये याच्यासारखंच दिसणारं दुसरं एक क्रियापद आहे, ‘डेकिडेरे’. लिहिताना अक्षरं तीच. कापण्याच्या क्रियापदातला ‘की’ दीर्घ, यातला ‘कि’ ऱ्हस्व, एवढाच फरक. पण हे दुसरं क्रियापद ‘काडेरे’पासून आलं आहे आणि त्याचा अर्थ पडणं. ‘डेकिडेरे’ म्हणजे गळून पडणं. पानझडी झाडांना इंग्रजीत ‘डेसिड्युअस’ म्हणतात, ते यावरून. याचंही मोठं घराणं आहे : ‘ॲक्सिडेंट’, ‘चान्स’, ‘कॅज्युअल’, कुजण्यासाठीचा ‘डिके’. अपघात, योगायोग, सहज, आणि कुजणं. आपण न कापलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं याचा सगळा हिशेब या चार शब्दांत आहे.

मराठीने हाच भेद एका ‘व’वर तोलला आहे. ‘ठरलं’ आणि ‘ठरवलं’. ‘ठरलं’ म्हणताना वाक्यात कर्ता लागत नाही. ‘असं ठरलं’, ‘तसं ठरलं’, कुणी ठरवलं ते विचारू नका. ‘ठरवलं’ म्हटलं की कुणीतरी पुढे येऊन उभं राहावं लागतं. तुझं पत्र मी पेन्सिल घेऊन परत वाचलं. ‘पुढच्या महिन्यात बघू असं ठरलं’, ‘अनुवाद चालू ठेवायचा असं ठरलं’, ‘अजून काही ठरत नाहीये’. एवढ्या लांब पत्रात ‘मी ठरवलं’ एकदाही नाही. तुझ्या वरिष्ठांनी तुझ्याबद्दल जे लिहिलं ते मला पटलेलं नाही, कारण ते अहवाल कसे भरले जातात हे मला माहीत आहे. पण हे ‘व’चं काय करू? ते तर तुझ्याच अक्षरात आहे.

तुझ्या तीन शब्दांचंही इथेच बोलते. ‘डिसायसिव्ह’ला दोन अर्थ आहेत आणि दोघांची गल्लत होते. आधीचा अर्थ घटनेचा : ज्यामुळे प्रश्न निकालात निघतो ते. निर्णायक लढाई, निर्णायक मत, निर्णायक पुरावा. माणसाच्या स्वभावाला हे विशेषण नंतर चिकटलं : जो न रेंगाळता निर्णय घेतो आणि त्यावर टिकतो तो. मराठीत या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द लागतात. लढाईला निर्णयक्षम म्हणता येत नाही आणि माणसाला निर्णायक म्हटलं की कान टोचतो. आता तुझं वाक्य घे. ‘ठाम’ म्हटलंस तर सेनापतीच्या मनाबद्दल बोललास. ‘खंबीर’ म्हटलंस तर त्याच्या सोसण्याबद्दल. ‘निर्णायक’ म्हटलंस तर त्याच्या आवाजानंतर तंबूत काय झालं त्याबद्दल, म्हणजे वाद तिथेच मिटला. तिन्ही शब्द चांगले आहेत. म्हणून तर कापणं अवघड जातं. वाईट शब्द खोडायला कुणाचीच हरकत नसते. पुढचं दीड पान वाच, त्याच्या बोलण्यानंतर उरलेले सरदार गप्प होतात की वाद घालत राहतात ते बघ, आणि दोन शब्द मार. कुठले, ते मी सांगणार नाही. तीन शब्द तसेच छापलेस तर वाचकाच्या गळ्यात आपलं काम मारल्यासारखं होईल. अनुवादकाला तिरपी रेघ मारायचा अधिकार फक्त कच्च्या खर्ड्यात आहे.

या शब्दाचं मूळ रणांगणावर आहे असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. रोमन लोकांच्या व्यवहारात ‘डेकीझिओ’ म्हणजे तंट्यातली तडजोड, मिटवामिटव. दोन पक्षांनी आपापल्या दाव्यातला काही भाग कापून प्रकरण संपवायचं. पुढे सम्राट जस्टिनियनने जुन्या कायद्याचं संकलन हाती घेतलं, तेव्हा कायदेपंडितांचे जुने मतभेद समोर येऊन उभे राहिले. काही वाद कित्येक पिढ्यांचे होते. दोन्ही बाजूंना थोर नावं, दोन्ही बाजूंना बिनतोड युक्तिवाद. ५३० आणि ५३१ या वर्षांत त्याने असे वाद एकामागून एक निकाली काढले. इतिहासात ते ‘पन्नास निर्णय’ म्हणून ओळखले जातात आणि तिथेही शब्द ‘डेकीझिओनेस’ हाच आहे. त्याच काळातला एक वाद मला फार बोलका वाटतो. मुलगा वयात आला हे कशावरून मानायचं? एका परंपरेचं म्हणणं, प्रत्येक मुलाची शारीरिक तपासणी करावी. दुसरीचं म्हणणं, १४ वर्षं पूर्ण झाली की आला. जस्टिनियनने तपासणी बंद केली आणि १४ हा आकडा कायम केला. आता निसर्गात १४ या आकड्यावर कुठलीही रेघ नसते. एखादा मुलगा आधी वाढतो, एखादा नंतर. तरी रेघ मारावी लागली, आणि ती मारल्यामुळे कित्येक मुलांची अवहेलना थांबली. तू म्हणतोस, ‘बाई, दोन्ही बाजू सारख्याच वजनाच्या आहेत, मग कापायचं कसं?’ अरे, वजन सारखं असतं तेव्हाच कापावं लागतं. एक पारडं आपोआप खाली गेलं असतं तर तुझी गरज कशाला होती?

तुझी दुसरी शंका : ‘डिसायसिव्ह’ म्हणजे झटपट का? कार्यालयात तसं समजतात हे खरं. बैठकीत जो आधी बोलतो आणि मोठ्याने बोलतो तो निर्णयक्षम. हे मला कधीच मान्य झालं नाही. इ.स.पू. २१७मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने ट्रॅसिमीन सरोवराच्या काठी रोमन सैन्याची धूळधाण केली. त्यानंतर रोमने फाबियसला सर्वाधिकार दिले. त्याने काय केलं? समोरासमोरची लढाई हा पर्यायच कापून टाकला. हॅनिबलच्या मागे राहायचं, रसद तोडायची, डोंगराचा आधार सोडायचा नाही, आणि काहीही झालं तरी मैदानात उतरायचं नाही. लोक त्याला भेकड म्हणाले, ‘कुंक्टातोर’, म्हणजे चालढकल करणारा, असं नाव ठेवलं. त्याच्या हाताखालचा अधिकारी मिनुकियस लढायला उतावीळ होता आणि लोकांनी त्यालाही फाबियसच्या बरोबरीचे अधिकार देऊन टाकले. तरी फाबियस हलला नाही. पुढच्याच वर्षी, त्याची मुदत संपल्यावर, रोमन सैन्य मोकळ्या मैदानात कॅनीला लढलं आणि रोमच्या इतिहासातल्या सर्वांत भयंकर पराभवांपैकी एक झाला. मग तेच टोपणनाव लोक आदराने घेऊ लागले. फाबियस हळू होता आणि पुरता निर्णयी होता. कारण त्याला विचारलं असतं, ‘काय कापलंस?’, तर त्याच्याकडे एका शब्दाचं उत्तर होतं.

त्याच्या उलट उत्तरेच्या फौजेचा सेनापती मॅक्लेलन. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १३ सप्टेंबर १८६२ रोजी, त्याच्या सैनिकांना एका सोडून दिलेल्या तळावर तीन चिरूट सापडले आणि ते ज्या कागदात गुंडाळलेले होते तो कागद म्हणजे दक्षिणेच्या फौजेचा सेनापती जनरल ली याचा गुप्त आदेश होता. शत्रूचं सैन्य कुठे कुठे विखुरलंय हे सगळं त्यात. सेनापतीच्या हाती याहून काय पडायला हवं? पण मॅक्लेलनला नेहमी शत्रू आहे त्याहून मोठा दिसायचा. त्याने निघायला वेळ लावला, लीने तेवढ्यात फौज जमवायला घेतली. १७ तारखेला अँटिएटमला लढाई झाली. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात इतका रक्तपात कधी झाला नव्हता. मॅक्लेलनने त्या दिवशीही मोठी राखीव फौज पुढे घातलीच नाही, लागली तर असू दे म्हणून मागे ठेवली. ली नदी ओलांडून निसटला. नोव्हेंबरमध्ये लिंकनने मॅक्लेलनला काढलं. तो सैन्याची बांधणी उत्तम करायचा, सैनिक त्याच्यावर जीव टाकायचे, कष्टात कुठे कमी नव्हता. पण त्याला काहीच कापता येत नव्हतं. ‘लागली तर असू दे’ म्हणून ठेवलेल्या त्या पलटणी मला तुझ्या पत्रात दिसतात, आणि म्हणून मी इतकं लांबण लावते आहे.

तू म्हणशील, बाईंना बोलायला सोपं आहे. मग ऐक.

मी कविता लिहायचे. चांगल्या लिहायचे. या वयात हे सांगायला मला संकोच वाटत नाही. छापून येत होत्या, लोक ओळखू लागले होते. त्याच सुमाराला अनुवादाचं मोठं काम हाती आलं, वर्षानुवर्षं पुरेल असं. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, दोन्ही कर, सकाळी हे, रात्री ते. काही दिवस तसं करून बघितलंही. दोन्हींकडे माझी उरलेली शक्ती जात होती, पहिली शक्ती कुणालाच मिळत नव्हती. मी कविता थांबवली. मंदावली नाही, बाजूला ठेवली नाही, थांबवली. ज्या नियतकालिकाला नेमाने पाठवत होते त्याच्या संपादकांना कळवलं की यापुढे पाठवणार नाही. त्यांनी उलट लिहिलं, असं तोडून कशाला टाकता, जमेल तेव्हा पाठवा. मी त्यांना परत तेच वाक्य लिहिलं.

त्यावरून मला हट्टी म्हणण्यात आलं. माझ्याच वयाचा एक सहकारी प्राध्यापकी सोडून पूर्णवेळ लेखनाकडे वळला, त्याला करारी म्हणाले. तो खरोखर करारी होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घाव तोच, फक्त बाईच्या हातून पडला की त्याचं नाव बदलतं, हे मी फार जवळून पाहिलं आहे. तुला हे नाव कुणी ठेवणार नाही. तुला एक अडथळा कमी आहे. म्हणून तर तुझ्या मुदतवाढीचा मला जास्त राग येतो.

हळहळ आहे का? आहे. अजूनही कधी ओळ येते, लय धरून येते, आणि मी ती उतरवून घेत नाही. कुणाचा नवा संग्रह हातात आला की पहिलं पान उलटायला मला वेळ लागतो. पण हळहळ आहे म्हणून निर्णय चुकला असं मी मानत नाही, आणि कुणी तसं मानावं असंही मला वाटत नाही. कापलं आणि दुखलं नाही, तर ते आधीच गळून गेलेलं होतं. लोक मला ज्यांनी दोन्ही केलं त्यांची नावं सांगतात. केलं असेल. त्यांचा दिवस माझ्या दिवसाहून मोठा असेल, त्यांच्या घरातलं काम दुसरं कुणी करत असेल, मला माहीत नाही. मी माझा दिवस बघून ठरवलं. ठरवलं, बघ. ठरलं नाही.

स्पॅनिश कोर्तेसची गोष्ट तू ऐकली असशील. भाषणं देणारे लोक ती फार सांगतात : १५१९मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि परतीची वाट राहू नये म्हणून जहाजं जाळली. तो विजेता म्हणून कसा वागला, त्याने त्या लोकांची काय अवस्था केली, ते पाहता त्याचा आदर्श घ्यायला मी तुला कधीच सांगणार नाही. पण गोष्ट निदान खरी तरी सांगावी. जहाजं जाळली नव्हती. किनाऱ्याला लावून, भोकं पाडून ती निकामी केली, आणि त्याआधी त्यांवरचे दोर, शिडं, लोखंडी सामान उतरवून घेतलं. दोन वर्षांनी टेनोच्टिट्लानला, म्हणजे अझ्टेकांच्या राजधानीला, वेढा घातला तेव्हा सरोवरात उतरवलेल्या १३ नौका बांधताना तेच सामान कामी आलं. मला या तपशिलात फार तथ्य वाटतं. परतीची वाट कापायची ती कापायचीच, पण खिळे आपलेच असतात, ते सोबत येतात. माझ्या अनुवादातल्या वाक्यांना ताल आहे असं वाचक म्हणतात. तो ताल कुठून आला असेल? कविता मी लिहीत नाही, पण कुठे थांबायचं हे मला तिनेच शिकवलं. तू संशोधन सोडलंस तरी वाचायची शिस्त तुझ्याकडून कुणी काढून घेणार नाही. नोकरी सोडलीस तरी माणसांशी वागायचं जे कळलं आहे ते तुझंच राहील.

आता मुदतवाढ. दोन्हीकडे तू ती मागितलीस आणि दोन्हीकडे मिळाली, म्हणून तुला बरं वाटतंय. त्या बरं वाटण्याविषयी एक प्रयोग सांगते. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००२मध्ये तो प्रसिद्ध केला. छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपले दोन फोटो स्वतः छापायचे, त्यांतला एक ठेवायचा आणि एक देऊन टाकायचा. काहींना सांगितलं, दिलेला गेला, आता बदल नाही. काहींना सांगितलं, काही दिवसांत मन बदललं तर बदलून घ्या. ज्यांना बदलायची सोय होती, त्यांना स्वतः ठेवलेला फोटो कमी आवडला. ज्यांची सोय बंद होती ते आपल्या फोटोत रमले. आणि महत्त्वाचं म्हणजे, असं होईल हे लोकांना आधी ओळखता येत नाही. बदलायची सोय असलेली बरी, असंच वाटतं. तुलाही तसंच वाटतंय. नोकरीत बसून तू प्रवेशाचा विचार करतोस म्हणून नोकरी आवडत नाही. प्रवेशाची कागदपत्रं बघताना नोकरीचा विचार करतोस म्हणून संशोधनाची ओढ लागत नाही. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि तू दोन्हींना पारखा होतो आहेस.

मुदत कधीच मागू नये असं माझं म्हणणं नाही. मी फाबियसचं उगीच सांगितलं नाही. पण थांबायचं असेल तर स्वतःला विचार : कुठली माहिती यायची राहिली आहे? ती कोणत्या तारखेला येणार आहे? आणि ती उलट आली तर मी खरंच वेगळा निर्णय घेईन का? या तिन्हींची उत्तरं कागदावर लिहिता आली तर खुशाल थांब. तुझ्या पत्रात पहिल्याचंच उत्तर नाही. शिष्यवृत्तीची रक्कम तुला कळली आहे. मार्गदर्शकांशी बोलणं झालं आहे. नोकरीतलं पुढचं पद कुठलं, तेही माहीत आहे. आता यायचं असं काहीच राहिलेलं नाही. तू माहितीची वाट बघत नाहीस, पान गळायची वाट बघतो आहेस. एखादी मुदत तुझ्या नकळत टळेल, आणि मग तू म्हणशील, ‘तसंच ठरलं.’

कुठलं ठेव आणि कुठलं काप हे मी लिहिणार नाही. माझा कल एका बाजूला आहे, तो मला चांगला ठाऊक आहे, आणि तुझ्यासमोर बसले असते तर चेहऱ्यावर दिसलाही असता. म्हणून फोनवर बोलण्याऐवजी पत्र लिहिते आहे. माझा कल कळला की तुझं ‘ठरेल’, तू ‘ठरवणार’ नाहीस, आणि पुढे जड गेलं की तुझ्या मनात बाईंचं नाव येईल. ते ओझं मी घेणार नाही. तुझ्या प्रेमापोटीच घेणार नाही.

पुस्तकाबद्दल मात्र स्पष्ट सांगते, कारण तिथे माझा अधिकार आहे. नोकरी आणि संशोधन यांतलं एक कापल्याशिवाय अनुवादाची पुढची प्रकरणं मला पाठवू नकोस. मी वाचणार नाही. तिसऱ्या कामाची ढाल करून तू पहिल्या दोघांपासून लपतो आहेस, आणि चांगलं पुस्तक ढाल म्हणून वापरणं मला सहन होत नाही.

ज्याला नकार द्यायचा ठरवशील त्यांना पत्र लिही. मेल चालेल, पण पत्रासारखी लिही. दोन-तीन ओळींच्या वर जाऊ नकोस. त्यांनी संधी दिली त्याबद्दल आभार मान, मनापासून मान. कारणांची जंत्री देऊ नकोस. कारणं दिली की समोरचा ती सोडवून द्यायला बसतो, आणि तुला नेमकं तेच हवं असतं. ‘भविष्यात योग आल्यास’ नको. ‘खेद वाटतो’ एकदा पुरे. क्रियापद ‘घेणार नाही’ किंवा ‘सोडत आहे’ असं सरळ असू दे, ‘घेता येईल असं वाटत नाही’ असं नको. तारीख घाल आणि लिहिलंस त्याच दिवशी पाठव, सकाळपर्यंत ठेवू नकोस. पाठवण्याआधी एकदा वाचून बघ आणि त्यात कुठे ‘सध्या’ हा शब्द आला असेल तर तो खोड.

तुझ्या
बाई